'कर्कासारखे' म्हणजे काय? लहान आतड्यातल्या एका गाठीचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी आम्हांला विचारले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. आतड्याच्या गाठीवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर आहोत ते केवळ पदवीच्या कागदावर; नाडी पाहायला आम्हांला येत नाही. तेव्हा आधीच सांगून टाकतो, आज इथे कुणाला औषध मिळणार नाही. पण आजचा विषय खरे तर एका नावाचा आहे. १९०७ साली एका विद्वान आणि प्रामाणिक माणसाने लहान आतड्यात सापडणाऱ्या एका दुर्मिळ गाठीला नाव दिले. ते नाव निम्मे बरोबर होते आणि निम्मे चूक. बावीस वर्षांनी त्याने स्वतःच ती चूक सुधारली. तरीही नाव पुढे चालत राहिले, आणि त्याची किंमत रोग्यांनी मोजली. नावाचा आणि वस्तूचा संबंध काय, हा आमच्या शास्त्राचा जुना प्रश्न. म्हणून हा विषय घेतला.

प्रथम जागा पाहू. आपले लहान आतडे साधारण सहा मीटर लांब असते. त्याचे तीन भाग: आद्यांत्र, मध्यांत्र आणि शेषांत्र. पचनमार्गाच्या लांबीतला सर्वांत मोठा वाटा याच नळीचा. पण गंमत अशी, की पचनमार्गाच्या एकूण कर्करोगांतले फार थोडे इथे होतात. जठरात होतात, मोठ्या आतड्यात होतात, मधली ही सहा मीटरची वाट मात्र बहुतेक मोकळी. जे दुर्मिळ असते ते डॉक्टरच्या मनात लवकर येत नाही. त्यात ही जागा अडचणीची. वरून दुर्बीण घातली तर ती आद्यांत्रापर्यंत पोचते, खालून घातली तर शेषांत्राच्या टोकाला जेमतेम. मधला भाग अनेक दशके अंधारातच होता.

या अंधारात एकोणिसाव्या शतकात काही लोकांनी कंदील धरला. १८६७ साली थिओडोर लांगहान्स यांनी शवविच्छेदनात आतड्यातली अशी एक गाठ पाहून तिचे वर्णन केले. १८८८ साली ओटो लुबार्श यांना दोन शवांच्या शेषांत्रात अनेक बारीक गाठी दिसल्या. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाचा भास होत होता, पण नेहमीच्या कर्करोगासारखी मांडणी नव्हती. याला कर्करोग म्हणायला लुबार्श यांचे मन घेईना.

दोनच वर्षांनी, १८९० साली, इंग्लंडमधल्या विल्यम रॅन्सम या डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये एका बाईची हकीकत छापली. हिच्या शेषांत्रात गाठ होती आणि यकृतातही गाठी होत्या. रॅन्समने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली: बाईला जुलाब होत असत, आणि जेवण झाले की धाप लागे, छातीत घरघर होई. आता आतड्यातल्या गाठीचा आणि छातीच्या घरघरीचा काय संबंध? त्या वेळी कुणालाच सांगता आले नसते, पण रॅन्समने लिहून ठेवले. मित्रहो, अर्थ लागत नाही म्हणून निरीक्षण गाळायचे नसते. पुढे चौसष्ट वर्षांनी त्या ओळींचा अर्थ लागला.

आता आपल्या कथेचा नायक. झीगफ्रीड ओबर्नडॉर्फर. जन्म १८७६, म्युनिकचे ज्यू घराणे. हा विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे रोगाने शरीरात काय बिघडवले ते पाहणारा. त्याचा संबंध जिवंत रोग्यापेक्षा शवविच्छेदनाच्या टेबलाशी अधिक. १९०७ साली ड्रेसडेनला जर्मन विकृतिशास्त्र परिषदेच्या सभेत त्याने लहान आतड्यातल्या अशा गाठींची सहा उदाहरणे मांडली आणि त्याच वर्षी निबंधही छापला. त्याची निरीक्षणे अशी: या गाठी लहान असतात, बहुधा एकाहून अधिक असतात, त्यांच्या कडा स्पष्ट असतात, त्या आजूबाजूला घुसत नाहीत, शरीरात दुसरीकडे पसरत नाहीत, फारच हळू वाढतात. म्हणून त्या निरुपद्रवी दिसतात. दिसायला कर्करोग, पण वागायला सभ्य. म्हणून त्याने नाव दिले 'कार्सिनॉइड'.

या शब्दाची फोड करू. ग्रीक भाषेत 'कार्किनोस' म्हणजे खेकडा. आपला 'कर्क' त्याच गोत्रातला. '-ऑइड' म्हणजे सदृश, सारखा. तेव्हा कार्सिनॉइड म्हणजे कर्कसदृश, कर्करोगासारखे.

इथे आम्हांला आमचे जुने गौतममुनी आठवतात. न्यायदर्शनात चार प्रमाणे मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातले उपमान शिकवताना एक उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते. शहरातल्या माणसाला गवय नावाचा रानटी पशू ठाऊक नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, बाबा रे, गवय गाईसारखा असतो. मग हा शहरी माणूस रानात जातो, गाईसारखा एक पशू पाहतो आणि म्हणतो, अरे, हाच तो गवय! वर्गात आम्ही हे पस्तीस वर्षे शिकवले. पण त्यातली एक मर्यादा आम्हांला या गाठीच्या इतिहासाने शिकवली. 'गाईसारखा' हे शब्द तुम्हांला गवय ओळखायला मदत करतात. तो गवय तुमच्याशी कसा वागेल, हे ते शब्द सांगत नाहीत. गाईसारखा दिसतो म्हणून धार काढायला बसलात तर काय होईल ते बघा! सादृश्याने नाव कळते, स्वभाव कळत नाही.

ओबर्नडॉर्फरच्या बाबतीत हे उलट्या बाजूने घडले. 'कर्करोगासारखे' याचा अर्थ लोकांनी घेतला 'म्हणजे कर्करोग नव्हे'. सारखे म्हटले की वेगळेपण गृहीत धरले जाते. 'तो मला भावासारखा आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा तो भाऊ नाही हे त्यातच येते.

मग चूक कुठे झाली? निरीक्षण चुकले नव्हते. गाठी लहान होत्या, कडा स्पष्ट होत्या, हे सगळे खरे. चूक झाली ती व्याप्तीत. नैयायिक सांगतात, दोन गोष्टी वारंवार एकत्र दिसणे हा झाला सहचार. पण एवढ्याने नियम सिद्ध होत नाही. उलट उदाहरण, म्हणजे व्यभिचार, कुठेच नाही हेही पाहावे लागते. ज्याने फक्त स्वयंपाकघरातली चूल पाहिली तो म्हणेल, जिथे विस्तव तिथे धूर. एक दिवस तो लोहाराकडे जातो, लाल तापलेला लोखंडाचा गोळा पाहतो, विस्तव आहे आणि धूर नाही. नियम तिथेच मोडला. ओबर्नडॉर्फरने सहा चुली पाहिल्या होत्या. लोहाराचे दुकान त्याने पाहिले नव्हते.

त्यात आणखी एक मेख आहे. विकृतिशास्त्रज्ञाला या गाठी अनेकदा दुसऱ्याच कारणाने मेलेल्या माणसाच्या पोटात अवचित सापडत. माणूस न्यूमोनियाने गेला, आणि आतडे उघडले तर आत वाटाण्याएवढी गाठ. अशा गाठीने त्याला मारलेले नसते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. रॅन्सम खाटेजवळ उभा होता, ओबर्नडॉर्फर टेबलाजवळ. दोघांनी पाहिले ते खरेच पाहिले. पण उभे कुठे राहून पाहतो यावर काय दिसते ते ठरते.

या गृहस्थाचा मोठेपणा आता सांगतो. त्याने पाहणे थांबवले नाही. म्युनिकच्या श्वाबिंग रुग्णालयात तो विकृतिशास्त्राचा प्रमुख झाला. १९२९ साली विकृतिशास्त्राच्या एका विशाल ग्रंथमालेत त्याने आतड्याच्या गाठींवरचा भाग लिहिला. त्या मालेच्या संपादकांपैकी एक होते तेच लुबार्श, ज्यांचे मन एकेचाळीस वर्षांपूर्वी कचरले होते. आता ओबर्नडॉर्फरच्या हाताशी आंत्रपुच्छ आणि लहान आतड्यातली मिळून छत्तीस उदाहरणे होती. त्याने स्वच्छ लिहिले, की या गाठी घातक होऊ शकतात, पसरूही शकतात. स्वतःचे नाव ज्या सिद्धान्ताला चिकटले आहे तो स्वतःच्या हाताने दुरुस्त करणे, हे विद्वानांत किती दुर्मिळ आहे ते आम्ही विद्यापीठांत उभा जन्म काढल्यामुळे जाणतो.

पुढे काय झाले? १९३३ साली जर्मनीत नाझी सत्ता आली. ज्यू म्हणून ओबर्नडॉर्फरला नोकरीतून काढले. तो इस्तंबूलला गेला. केमाल अतातुर्क त्याच वर्षी तिथले विद्यापीठ नव्याने उभारत होते, आणि जर्मनीने हाकललेली अनेक माणसे त्यांनी बोलावून घेतली. ओबर्नडॉर्फर तिथे शिकवत राहिला आणि १९४४ साली तिथेच वारला. आमच्या विषयातल्या माणसाला आणखी एक गोष्ट जाणवते: त्याच विद्यापीठात १९३३ ते १९३८ या काळात हान्स रायखेनबाख हा तत्त्वज्ञ होता, तोही बर्लिनहून हाकललेला. त्याचा आयुष्यभराचा विषय कोणता? थोड्या उदाहरणांवरून नियम कसा आणि कितपत काढावा, हा. दोघांची कधी गाठ पडली की नाही हा आजचा मुद्दा नाही. पण एकाच गावात एक जण त्या प्रश्नावर पुस्तक लिहीत होता, आणि दुसरा त्याच प्रश्नाचा चटका खाऊन आला होता.

दरम्यान गाठीच्या कुळाचा शोध वेगळ्या वाटेने चालला होता. १८९७ साली खार्किवचे निकोलाय कुल्चित्स्की यांनी आतड्याच्या अस्तरात कण भरलेल्या खास पेशी दाखवल्या. हे गृहस्थ पुढे झारचे शेवटचे शिक्षणमंत्री झाले, क्रांतीनंतर इंग्लंडला गेले, आणि १९२५ साली लंडनला लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेले. १९१४ मध्ये फ्रान्सच्या गोसे आणि मासाँ यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवून दाखवले, की कार्सिनॉइडच्या पेशी या कुल्चित्स्कीच्या पेशींच्याच जातीच्या आहेत, आणि त्यांचे काम ग्रंथीसारखे असावे. म्हणजे ही गाठ नुसती जागा अडवणारी नव्हे, ती काहीतरी रसायन तयार करणारी आहे.

काय तयार करते? १९३७ साली इटलीत व्हिआल्ली आणि एर्स्पामेर यांनी या पेशींतून एक द्रव्य काढले, नाव ठेवले एन्टेरामीन. १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्तातून एक द्रव्य वेगळे केले, त्याला म्हटले सेरोटोनिन. १९५२ साली कळले, की दोन्ही एकच. बघा, इथेही नावाचाच घोळ! आणि १९५३ मध्ये ऑस्ट्रियाच्या लेम्बेकने कार्सिनॉइड गाठीतच सेरोटोनिन असल्याचे दाखवले.

मग स्वीडनमधल्या माल्मो गावी कोडे सुटले. तिथे एका तरुण मुलाला विचित्र निळसरपणा येई. त्याच्या हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा बिघडल्या होत्या. जन्मजात हृदयविकार म्हणून तपास चालला. मुलगा वारला. शवविच्छेदनात शेषांत्रात कार्सिनॉइड आणि यकृतात त्याच्या गाठी सापडल्या. १९५४ साली थोरसन, ब्यॉर्क, वाल्डेनस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रोगी गोळा करून संपूर्ण लक्षणसमूह मांडला: चेहरा आणि छाती एकाएकी लालबुंद होणे, पाण्यासारखे जुलाब, छातीत घरघर, आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा आखडणे. रॅन्समची १८९० सालची बाई आता समजली.

यातली यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. आतड्याचे रक्त आधी यकृतात जाते. गाठ आतड्यापुरती आहे तोवर तिने सोडलेली द्रव्ये यकृत निकामी करून टाकते. जकातनाकेच म्हणा ना. म्हणून रोगी वर्षानुवर्षे ठीक दिसतो. फार तर जेवणानंतर पोटात कळ येते, पोट फुगते, आणि कळ आपोआप जाते. गाठीभोवतीच्या पडद्यात तंतू तयार होऊन आतडे आखडते, दुमडते, आणि एखाद दिवशी वाट बंद होते. पण गाठीची बीजे यकृतात रुजली, की त्यांची द्रव्ये नाक्याच्या पलीकडे थेट हृदयाच्या उजव्या बाजूला पडतात. पुढे फुफ्फुसे त्यांतली बरीचशी मोडून टाकतात, म्हणून डावी बाजू बहुधा वाचते. चेहरा लाल होणे हे एकट्या सेरोटोनिनचे काम नव्हे, इतर द्रव्येही त्यात असतात. जुलाब आणि झडपांचा बिघाड यांत मात्र सेरोटोनिनचा हात मोठा.

आणखी एक दुवा आपल्या ज्वारीच्या मुलखाजवळ येतो. सेरोटोनिन बनते ट्रिप्टोफॅनपासून. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनचा एरवी जेमतेम १ टक्का तिकडे जातो. या रोगात अर्ध्याहूनही अधिक जाऊ शकतो. मग त्याच कच्च्या मालातून शरीर जे नायसिन जीवनसत्त्व बनवते त्याचा तुटवडा होतो आणि पेलाग्रा होतो: उन्हात उघड्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, बुद्धिभ्रम. हाच पेलाग्रा दख्खनमधल्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांत का होतो, याचा अभ्यास १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषणसंशोधकांनी, डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. एकाची उपासमार ताटात, दुसऱ्याची पेशींत. कातडीवर खूण मात्र एकच.

आता जे सांगायचे आहे ते आम्ही बरीच वर्षे टाळले.

आमच्या महाविद्यालयात संस्कृतचे एक प्राध्यापक होते. आमच्याहून वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांना अधूनमधून पोटात कळ येई. कुणी आव म्हटले, कुणी मनाला लावून घेता म्हटले. शेषांत्राच्या टोकाला काही दिसले की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा, आणि तो वावगा नाही. आपल्या देशात तिथला क्षय खरोखरच पुष्कळ. क्षयाची औषधे झाली. शेवटी १९८४ साली आतडे अडले, शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली. अहवालात शब्द होता कार्सिनॉइड. अण्णांना सांगण्यात आले, "कॅन्सर नाही, कॅन्सरसारखं आहे. पेढे वाटा." अण्णांनी खरोखर पेढे वाटले. आम्हीही खाल्ले. पुन्हा तपासायला या, असे कुणी सांगितले नाही, आणि अण्णाही गेले नाहीत.

चारपाच वर्षांनी शिकवताना त्यांचा चेहरा मध्येच लाल होऊ लागला. आयुष्यात ज्यांनी थेंब घेतला नाही त्या अण्णांची मुले मागून थट्टा करत, सर घेऊन आले वाटतं. शिक्षकांच्या खोलीतही विनोद होत. त्या हसण्यात आम्ही होतो. मग जुलाब, मग पायांवर सूज, मग चार पायऱ्या चढल्या की धाप. यकृतातल्या गाठी कळल्या तेव्हा फार उशीर झाला होता. १९९१ च्या पावसाळ्यात अण्णा गेले.

आम्ही कुणा डॉक्टरला दोष द्यायला उभे नाही. त्यांनी शब्दाचा शब्दशः अर्थ सांगितला होता, व्युत्पत्तीने बिनचूक. पण १९२९ सालची दुरुस्ती आणि १९५४ सालचे वर्णन त्या शब्दाच्या आत शिरलेच नव्हते. ज्ञान पुढे गेले आणि नाव मागे राहिले. रोग्याच्या हाती येते ते नाव.

हे जाणत्यांच्याही लक्षात आले होते. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात 'न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर' हे नाव पुढे आले. २०१० मध्ये भूमिका आणखी स्पष्ट झाली: अशा सर्व गाठींत घातक होण्याची शक्यता धरायची, आणि पेशी किती वेगाने दुभंगतात यावरून तिची पायरी ठरवायची. 'कशासारखी दिसते' याऐवजी 'कशी वागते' हा प्रश्न आला. जुने नाव पूर्ण गेले नाही. लक्षणसमूहाला आजही कार्सिनॉइड सिंड्रोमच म्हणतात.

नवे नाव आपल्याकडे घरोघर पोचले ते २०१८ च्या मार्चमध्ये, जेव्हा इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर असल्याचे सांगितले. २०२० च्या एप्रिलमध्ये मुंबईत ते गेले. या रोगाच्या लोकांचे चिन्ह झेब्रा आहे. अमेरिकेत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात, टापांचा आवाज आला तर घोडा समजा, झेब्रा नव्हे. शिकवण व्यवहाराला धरून आहे. पण कधी कधी तो झेब्राच असतो. आमच्या भाषेत, कधी कधी तो गवयच असतो.

आता उपायही पुष्कळ आहेत. लघवीतून या द्रव्याचा माग काढता येतो. त्या तपासणीआधी केळी, अननस, अक्रोड खाऊ नका म्हणतात, कारण त्यांत सेरोटोनिन असते. १९८० च्या दशकात ऑक्ट्रिओटाइड हे इंजेक्शन आले, त्याने जुलाब आणि लाली आटोक्यात येऊ लागली. या गाठींच्या पेशींवर एक विशिष्ट कुलूप असते. त्याला बसणारी किल्ली करून तिला किरणोत्सारी लुटेशियम-१७७ जोडतात. ते गाठीपर्यंत जाऊन आतून मारा करते. हे लुटेशियम मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हा उपचार दिला जातो. गाठ हळू वाढणारी आहे, हे ओबर्नडॉर्फरचे निरीक्षण आजही खरे आहे. त्यामुळे अनेक रोगी वर्षानुवर्षे बरे जगतात. वेळेवर कळले पाहिजे, आणि कळल्यावर पाठपुरावा सुटता कामा नये.

मंडळी, घरी जाऊन आरशात चेहरा लाल दिसतो का म्हणून कुणी घाबरू नका. शंभरातल्या बहुतेक जुलाबांचे कारण साधेच असते. आमचे मागणे लहान आहे. कुणी तुम्हांला किंवा घरच्यांना एखाद्या रोगाचे नाव सांगितले, की 'म्हणजे कशासारखं?' एवढ्यावर थांबू नका. 'ते पुढे कसं वागतं?' आणि 'आम्ही परत केव्हा यायचं?' हे दोन प्रश्न नक्की विचारा. आम्ही पेढा खाल्ला, हे प्रश्न विचारायला अण्णांना सांगितले नाही.